सरकारकडे निघणारी माझी सायकल

सरकारकडे माझी एक सायकल निघते. काळी, मागे कॅरियर, पुढे दिवा आणि हँडलला घंटी असलेली. हे मी आजवर अनेक साहेबांना सांगितलं आहे. काही हसले, काहींनी विषय बदलला. एक जण जरा हुशार होता. तो म्हणाला, "सायकल द्यायला सरकार काय तुमचं सासरं आहे?" मी म्हणालो, "नाही साहेब, पण सासऱ्याने सायकल दिली नाही ती सरकारमुळे." त्याने चहा मागवला, पण पुढे काही विचारलं नाही. कोणीच विचारत नाही. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

स्वराज्य येऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमचं सरकार अजून नागपुरात बसत होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव हिंगणीच्या पलीकडे, जंगलाला लागून. घरी शेती नव्हती. वडील जंगलात लाकूडतोडीला जात. गावातल्या गोंड बाया जंगलातून सीताफळं आणत, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारोळी आणत, आणि मी तो माल वर्ध्याच्या बाजारात विकत असे. त्यातूनच शाळेची फी भरली, त्यातूनच मॅट्रिक झालो. सीताफळाने मला जे शिकवलं ते कोणत्या मास्तरने शिकवलं नाही. सकाळी ते दगडासारखं असतं आणि संध्याकाळी पाटीतच फुटतं. मधल्या वेळात भाव करता आला पाहिजे. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागलं की त्याला हाक मारायची असते, पण केव्हा, हीच सगळी कला. लवकर मारली तर भाव पडतो. उशिरा मारली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीशी उभं असतं. मी त्यात इतका तयार झालो होतो की माझ्याजवळून पाठ फिरवून गेलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने घरी गेलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली. खातं कोणतं ते सांगत नाही, अजून माझा माल तिथे जातो. मी अर्ज केला. साहेबांनी मला समोर बसवून चार ओळी लिहायला लावल्या, अक्षर पाहिलं आणि बडेबाबूंना म्हणाले, "ठीक आहे." बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. कचेरी साहेबांची असली तरी चालायची बडेबाबूंच्या मानेवर. ती हलली की काम झालं. बडेबाबूंनी मान हलवली आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी ये. कोट घालून ये."

सोमवार यायच्या आत मी कोट शिवला, काळा. आणि कोट अंगावर चढवून आंजीला मुलगी पाहायला गेलो.

मुलीचे वडील वांगी, भेंडी, पालक लावत आणि पहाटे बैलगाडीत घालून वर्ध्याला आणत. आंजीची वांगी आमच्या बाजारात नावाजलेली होती आणि हा माणूस ती कधी पडत्या भावाला देत नसे, हे मला आधीच माहीत होतं. मुलगी पोहे घेऊन आली. मला ती पाहताक्षणी पसंत पडली. पण भाव करणाऱ्याने पसंती तोंडावर दाखवायची नसते, म्हणून मी छताकडे पाहत बसलो. ती आत गेली आणि आईला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने, "छतावर काय भाव लिहेल हाय काय वं?"

आतल्या बाया हसल्या. मी छताकडेच पाहत राहिलो, कारण आता खाली पाहणं जास्त कठीण झालं होतं.

मग बोलणी झाली. मी सायकल मागितली. म्हणालो, "कचेरीत पायी कसा जाऊ मामाजी? साहेब जीपमधून उतरणार, बडेबाबू टांग्यातून उतरणार, आणि मी धुळीतून."

सासरे (तेव्हा व्हायचे होते, पण सोयीसाठी सासरेच म्हणतो) बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुमी नोकरीवर लागा, मी सायकल दारात उभी करतो. पन एकडाव येऊन तुमची खुर्ची पाहीन म्हन्तो. बाप हाय मी. पोरगी कोनत्या खुर्चीले दिली ते डोयानं पाह्यलं का जिवाले बरं वाट्टे."

"या ना," मी म्हणालो. "कधीबी या."

लग्न वैशाखाच्या शेवटी करायचं ठरलं.

सोमवारी मी कोट घालून कचेरीत गेलो. माझी खुर्ची मी आधीच पाहून ठेवली होती. खिडकीजवळ, वेताच्या पाठीची, शेजारी टेबल, टेबलावर दौत. मी सरळ तिच्याकडे निघालो तर बडेबाबूंनी हात आडवा केला.

"थांब. हुकूम आला आहे."

"कसला?"

"नागपूरहून. भरती बंद. सरकारच्या तिजोरीत तूट आली आहे. ज्या जागा रिकाम्या आहेत त्या रिकाम्याच ठेवायच्या."

"पण ही जागा रिकामी कुठे आहे? मी आलो ना."

"रुजू झाल्याची सही केलीस?"

"नाही. द्या, आत्ता करतो."

"आता कशी करशील? भरती बंद आहे."

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "ही खुर्ची काय आहे मग?"

"खुर्ची आहे," बडेबाबू शांतपणे म्हणाले. "टेबल आहे, दौत आहे, जागा मंजूर आहे. फक्त तू नाहीस."

रागावलो की माझी शाळेतली भाषा गळून पडते. "मंग मी काऊन आलो इथं? हा कोट काऊन शिवला? तिजोरीत खड्डा पडला तो काय म्या पाडला? म्या तं अजून तिजोरी पाह्यली बी नाई. ज्यायनं पाडला ते समदे आपापल्या खुर्चीवर बसून हायेत, अन् ज्यानं पाय ठेवला नाई त्यालेच भायेर काढता?"

"आवाज खाली," बडेबाबू म्हणाले. "आणि तुला बाहेर काढलेलं नाही. तू आत आलाच नव्हतास."

तुटीच्या वेळी खर्च आवरावा लागतो हे मलाही कळतं. पुढे मी स्वतः धंदा केला, तेव्हा तर फारच कळलं. पण आमच्या घरी पीठ कमी पडलं की आई सगळ्यांच्याच भाकरी पातळ थापायची. जो शेवटी हात धुऊन आला त्याला दाराबाहेर ठेवून बाकीच्यांना जाड भाकरी वाढायची नाही. सरकारने नेमकं तेच केलं होतं. हे मी तेव्हा बडेबाबूंना बोललो. ते म्हणाले, "तुझ्या आईला अर्थखात्यात घ्यायला पाहिजे होतं. पण भरती बंद आहे."

आता माझी अडचण पाहा. गावात गूळ वाटून झाला होता. आंजीला लग्नाची सुपारी फुटली होती. आणि सासरे खुर्ची पाहायला कधीही येणार होते. नोकरी नाही म्हणून सांगितलं तर सायकल तर जाईलच, मुलगीही जाईल, कारण हा माणूस खुर्चीला पोरगी देत होता, मला नव्हे. म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी बाजारात माल विकायचा आणि मग कोट घालून कचेरीच्या वऱ्हांड्यात येऊन बसायचं, असं सुरू केलं. बडेबाबू येता-जाता विचारत, "काय काम आहे?" मी म्हणे, "तूट भरून निघाली का ते पाहायले आलो."

असं करता करता वैशाख लागला. वर्ध्याचा वैशाख ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. या दिवसांत आमच्या कचेऱ्यांच्या दारांना आणि खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत. बांबूची चौकट, तिच्यात वाळ्याच्या मुळ्या घट्ट भरलेल्या. तिच्यावर बाहेरून सतत पाणी मारत राहायचं, म्हणजे झळ आत येताना थंड आणि सुवासिक होऊन येते. पाणी मारायला दरवर्षी दोन-तीन महिन्यांपुरता एक माणूस ठेवत.

त्या वर्षीही ताट्या आल्या. त्यांची खरेदी हुकमाच्या आधीच मंजूर झाली होती. सुताराने त्या सगळ्या दारांना बसवल्या. दुसऱ्या दिवशी पाणी मारणारा म्हातारा आपली बादली घेऊन हजर झाला. बडेबाबूंनी त्याला परत पाठवलं. हुकमात लिहिलं होतं म्हणे, कोणत्याही नावाखाली नवीन माणूस घेऊ नये.

"मी नवा नाई जी," म्हातारा म्हणाला. "मी तं इंग्रजाच्या टायमापासून येऊन राह्यलो."

"दरवर्षी नवीनच असतोस," बडेबाबूंनी समजावलं. "पावसाळ्यात संपतोस आणि उन्हाळ्यात पुन्हा लागतोस. म्हणजे भरती."

म्हातारा रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना पाणी पाजायला गेला. इथे ताट्या राहिल्या, पाणी गेलं.

कोरडी ताटी काय करते? वारा अडवते, उजेड अडवते आणि धूळ सोडते. कचेरीत भर दुपारी अंधार झाला. आतून शिंकांचा आवाज येऊ लागला. कारकून पाणी मारणार नाहीत, त्यांच्या हाती लेखणी. चपराशी पूर्वी दोन होते, एक पेन्शनीत निघाला आणि त्याची जागाही हुकमात अडकली. उरलेला चपराशी बडेबाबूंना म्हणाला, "मी कागद नेऊ का पानी मारू? एकच सांगा. दोन्ही सांगसान तं मलेच दोन करा." एका कारकुनाने सुचवलं, ताट्या तरी काढून टाका, निदान वारा येईल. बडेबाबू म्हणाले, "बसवल्याची नोंद झाली आहे. काढायच्या तर कारण लिहावं लागेल. काय लिहू? थंडी वाजते?"

मी वऱ्हांड्यात बसून हे सगळं ऐकत होतो. पाटीत सीताफळ पिकायला लागलं की मला जसा वास यायचा, तसा तो आला.

"बडेबाबू," मी म्हणालो, "पानी मी मारतो."

"पैसे मिळणार नाहीत."

"मागितले कोनं? मले फक्त माही खुर्ची द्या. माहे सासरे येतीन त्या दिवशी. घडीभर बसतो, ते पाहून जातीन, मी उठतो."

त्यांनी एकदम मान आडवी हलवली. "खुर्चीवर माणूस बसला की जागा भरली. उद्या ऑडिटवाले विचारतील."

"मंग राहू द्या," म्हणून मी पाय पसरले.

दुसऱ्या दिवशी ऊन वाढलं. बडेबाबू बाहेर आले, रुमाल ओला करून मानेवर ठेवला आणि म्हणाले, "खुर्चीशेजारी उभा राहिलास तर चालेल."

"काल बसायचं म्हटलं होतं," मी म्हणालो. "आज बसायचं अन् टेबलावर फायली बी पाह्यजे."

ते आत गेले. तिसऱ्या दिवशी झळा अशा सुटल्या की वऱ्हांड्यातल्या फरशीवर पाय टेकेना. ते पुन्हा आले. "बस. फायली नाहीत."

"आज फायली अन् तुमी मले बाबू म्हनान."

"मी? तुला?"

"सासऱ्यायच्या समोर. एकडाव."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण उन्हाळ्यासारखा भागीदार मला पुन्हा मिळाला नाही. मी नुसता बसून होतो आणि भाव आपोआप चढत होता. चपराशी मला आतल्या बातम्या आणून द्यायचा. एके दुपारी तो धावतच आला. "भाऊ, सायेबाच्या नाकाचा घोयना फुटला. रगत आलं. सायेब बडेबाबूले म्हन्ते, उद्यापासून पानी नाई पडलं तं तुमचीच बदली चांद्याले."

मी लगेच कोट काढून घडी घातला. बडेबाबू यायच्या आत विहिरीवर बादली भरायला लागलो. त्यांनी विहिरीच्या काठावर उभं राहूनच सगळ्या अटी मान्य केल्या. फक्त एक अट त्यांची: कोणी विचारलं तर मी पाहुणा.

पंधरा-वीस दिवस मी पाणी मारलं. कचेरीचा चेहरा बदलला. कारकून दुपारी शिंकण्याऐवजी डुलक्या घेऊ लागले. साहेब फायली पाहू लागले.

मग सासरे आले. भाजी बाजारात टाकून, धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा आणि हातात कचेरीसाठी वांग्यांची लहान टोपली. चपराशाने लांबूनच ओळखलं, कारण मी त्याला वर्णन सांगून ठेवलं होतं. मी बादली ठेवली, कोट चढवला आणि खुर्चीवर बसलो. पहिल्यांदाच. वेताची पाठ गार होती. पुढ्यात फायलींचा ढीग होता, एका फायलीवर मी हात ठेवला. सासऱ्यांना स्टूल दिलं.

"बसा मामाजी. थोडं काम आहे, हातचं संपवतो."

"होऊ द्या, होऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले, देवळात बोलतात तसं. त्यांनी खुर्ची पाहिली, टेबल पाहिलं, दौत पाहिली. टेबलाला हळूच बोट लावून पाहिलं.

बडेबाबू समोरून गेले, थांबले आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "काय... बाबू. तो कागद झाला का?"

"होतोय," मी म्हणालो, फायलीतून मान वर न करता. इतकं सुख मला नंतर कधी मिळालं नाही.

पण सौदा करताना एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी खुर्चीवर असताना ताट्यांवर पाणी कोण मारणार? वैशाखातल्या दुपारी वाळा सुकायला वेळ लागत नाही. आधी सुवास गेला. मग झळ आली. मग धूळ. एक कारकून शिंकला, त्याच्यामागून दुसरा. आतून साहेबांची घंटी वाजली आणि मग आवाज आला, "पाणी! तो पाणीवाला कुठे मेला?"

चपराशाने माझ्याकडे पाहिलं. बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीकडे पाहिलं.

सासऱ्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी ताटीकडे. आयुष्यभर भाजीला पाणी देणारा माणूस. सुकून चाललेली वस्तू त्यांना डोळ्यांसमोर पाहवत नसे. ते उठले. "पानी कुठी हाय जी?" त्यांनी चपराशाला विचारलं, धोतर खोचलं, बाहेर गेले आणि बादली उचलून ताटीवर सपासप पाणी मारू लागले. आत गारवा आला. वाळ्याचा वास आला. एक बादली संपली, दुसरी आणली.

साहेब बाहेर आले. नाकाला रुमाल लावलेला होताच. दारातून सासऱ्यांना म्हणाले, "हं. आज बरं मारलंस. रोज असंच मारत जा." आणि वळताना त्यांना खुर्चीवर बसलेला मी दिसलो. "हा कोण? बडेबाबू, ही जागा कशी भरली?"

"भरली नाही साहेब," बडेबाबू म्हणाले. "हा पाहुणा आहे."

"आणि तो पाणी मारणारा?"

बडेबाबूंनी बाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तो... पाहुण्याचा पाहुणा."

"सरकारला खर्च?"

"काही नाही साहेब."

"मग चालू द्या," म्हणून साहेब आत गेले.

ताटीला कान नसतात, पण ताटीमागे उभ्या माणसाला असतात. सासरे आत आले. त्यांनी रिकामी बादली माझ्या पायाशी ठेवली. मग खाली वाकून माझ्या धोतराकडे पाहिलं. कोट कोरडा होता आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. सकाळपासून मीच पाणी मारत होतो ना.

"चला जवाईबापू," ते म्हणाले. "भायेर सावलीत बसू."

कचेरीच्या आवारात कडुनिंब होता. त्याच्याखाली ते बसले. मी उभाच राहिलो.

"पानी तुमीच मारता ना?"

"हो."

"पगार?"

"नाई."

"मंग काय भेट्टे?"

"ती खुर्ची. तुमी येऊन पाहून जाईपर्यंत."

त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. ते हसू पुसत होते की घाम, ते मला दिसलं नाही. मी भरतीबंदीचं सगळं सांगितलं, सोमवारपासून घोळण्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "लगीन कायम. सायकल नाई."

"काऊन?"

"सायकल कचेरीत जायासाठी होती. कचेरी नाई तं सायकल कायले?"

"जागा मंजूर हाय मामाजी. तूट भरली का मी बसलोच."

"मंग तूट भरली का सायकल बी येईन."

मी वाद घातला. म्हणालो, दिवा नको. ते म्हणाले, बरं, दिवा नको. मी म्हणालो, कॅरियर नको. ते म्हणाले, कॅरियर बी नको. मी म्हणालो, जुनी चालेल. ते म्हणाले, जुनी बी नको. समोर बाजारातला पक्का माणूस होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खाली खाली येत होतो. माझं डोकं फिरलं.

"मंग लगीन बी नाई," मी म्हणालो आणि पाठ फिरवून चालायला लागलो.

यात माझा हिशेब साधा होता. माणूस पाठ फिरवून निघाला की हाक येते. लग्नाची सुपारी फुटलेली, मंडप सांगितलेला, हाक येणारच. मी मुद्दाम हळू चाललो. विहीर मागे पडली. हाक नाही. फाटक मागे पडलं. हाक नाही. रस्त्यावर आलो. वरून वैशाख, अंगात काळा कोट. मागे कान लावून चालताना मान ताठ ठेवावी लागते, तिला रग लागली. पुढे रस्त्याला वळण होतं. त्या वळणापलीकडे गेलो की मी दिसणार नव्हतो, आणि मग हाकेलाही अर्थ राहणार नव्हता. तेव्हा मला आठवलं की हा माणूस वांगी विकतो, आणि पडत्या भावाला कधी विकत नाही.

वळणाशी एक पानाची टपरी होती. तिच्या छपराखाली मी थांबलो. छपराकडे पाहिलं. आणि मला त्या मुलीचा आवाज ऐकू आला: छतावर काय भाव लिहेल हाय काय.

मी परत फिरलो. माझ्या सबंध आयुष्यात सौद्यातून पाठ फिरवून निघालेला मी आपल्या पायांनी परत आलो तो तेवढाच एकदा.

सासरे कडुनिंबाखाली होते. मला पाहून त्यांनी दुपट्टा झटकून जमीन साफ केली. "बसा," म्हणाले. "पानी पेता?"

सायकलीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

लग्न वैशाखाच्या शेवटी झालं. मी बैलांच्या रेंगीतून गेलो. बडेबाबू जेवायला आले होते, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. त्यांच्या कचेरीचं मी गेल्यावर अडलं नाही. माझ्या सासऱ्यांवरून त्यांना युक्ती सुचली होती. जो कोणी अर्ज घेऊन येईल त्याला चपराशी आधी बादली दाखवायचा. ताटीवर दोन डबे पाणी मारल्याशिवाय अर्ज आत जात नसे. भरती नाही, खर्च नाही, आणि ताट्या सबंध उन्हाळा ओल्या. सरकारची तूट अशीही भरून काढता येते, हे मी तिथे पाहिलं.

पुढच्या वर्षीही बंदी उठली नाही. पण तोवर मी आंजीच्या नाल्याच्या काठाने हिंडून आलो होतो. तिथे वाळा मुबलक होता. मी ताट्या बांधल्या आणि बडेबाबूंना म्हणालो, "मानूस घेऊ नका. ओली ताटी विकत घ्या. ओली आनून देणं अन् ओली ठेवणं मालवाल्याकडे." त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. त्यात माणसाची बंदी होती, ओलाव्याची नव्हती. पाणी मारायला मी त्या म्हाताऱ्यालाच स्टेशनवरून परत आणलं. माझा धंदा तिथून सुरू झाला आणि आज तो कुठवर आहे ते वर्ध्यात कोणालाही विचारा.

ती खुर्ची मात्र मला मिळाली नाही. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, आमचं सरकार नागपूर सोडून मुंबईला गेलं, आणि नागपुरातली एक कचेरी मोडल्यावर तिथला एक कारकून आणून माझ्या खुर्चीवर बसवला. मी बडेबाबूंना जाब विचारला. ते म्हणाले, "ही भरती नाही, बदली आहे." त्याच्या खिडकीची ताटी मी कित्येक उन्हाळे पुरवली. ती कधी सुकू दिली नाही, पण त्या माणसाशी बोललोही नाही.

सायकलीची गोष्ट संपली असं मी समजत होतो. मग एका दुपारी, पहिलं मूल शाळेत जाऊ लागलं होतं तेव्हा, मी जेवताना पुन्हा तोच विषय काढला असणार. बायको ताक वाढत होती. ती सहज म्हणाली, "बाबा हाक मारूनच राह्यले होते."

"केव्हा?"

"तवाच. तुमी वळणाशी गेल्ते ना. बाबा उठून फाटकापाशी आले होते. हाक मारायले तोंड उघडलं, तं तुमीच वापस फिरले. मंग ते पळतच जाऊन कडुनिंबाखाली बसले. घरी येऊन आईले सांगे, अजून दोन पावलं गेला असता तं सायकल द्या लागली असती."

माझा घास हातातच राहिला. "अन् हे तू मले आता सांगतं?"

"तुमी इचारलं कुठी?"

ती खरं सांगत होती की चिडवत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सासरे तर आता राहिले नाहीत. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, काही सापडतं का म्हणून. ती छताकडे पाहत होती.